दाजींचं पहिलं मत

दाजींना मत झालं, त्यामुळे प्रयोग बोंबलला, आणि ताई इतकी खूश झाली की तिने शेजारच्यांना बोलावून चहा पाजला.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या विषयात ज्याला निकाल आधी कळतो तो नकळत निकाल बिघडवतो, आणि तुम्ही वाचक असलात म्हणून माणूस असायचं थांबत नाही. तेव्हा ते वाक्य मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही आणि शेजारच्यांनी चहा प्यायला नाही. आता सुरुवात करतो.

कुणी मागून टक लावून बघितलं तर माणसाला कळतं का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. घरात कुणालाही सांगितलं की ते म्हणतात, "कळतं की, त्यात काय." फक्त मामा म्हणतात, "याचा पगार मिळतो?" पगार नाही, शिष्यवृत्ती मिळते. मामांच्या मते शिष्यवृत्ती म्हणजे पगाराची कुपोषित बहीण. मामांचं गाद्यांचं दुकान आहे आणि त्यात एक खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवलेली आहे. तिच्यावर ते कुणालाही बसू देत नाहीत. गिऱ्हाईक दमून बसायला गेलं तर म्हणतात, "तिथे नको, आमचे डॉक्टर येणार आहेत."

प्रयोग साधा आहे. आतल्या खोलीत एक माणूस दाराकडे पाठ करून बसतो. त्याच्या दोन बोटांना तारा लावलेल्या असतात, त्या घाम मोजतात. त्याच्या मागे भिंतीवर कॅमेरा. बाहेरच्या खोलीत प्रयोग घेणारा पडद्यासमोर बसतो आणि यंत्र सांगेल तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या त्या पाठीकडे रोखून बघतो, यंत्र सांगेल तेव्हा मान वळवून भिंतीकडे बघतो. कधी बघायचं आणि कधी नाही हे यंत्र मनाला येईल तसं ठरवतं. बघत असताना आतल्याच्या बोटांना जास्त घाम सुटला, तर काहीतरी आहे. नाही सुटला, तर सगळे चहाला जातात.

अडचण अशी की मला दोन मार्गदर्शक आहेत. मॅडमचा या प्रकारावर काडीचाही विश्वास नाही. सरांचा इतका आहे की वर्गात फळ्यावर लिहिताना ते न वळता म्हणतात, "मागचा बाक, फोन आत ठेवा." आणि मागच्या बाकावर खरोखर फोन निघतो. मॅडम म्हणतात, मागच्या बाकावर फोन नसेल तर ती बातमी.

दोघांनी हा प्रयोग घेतला. तीच खोली, तीच खुर्ची, त्याच तारा. मॅडमनी बघितलं तर कुणाला घामाचा थेंब नाही. सरांनी बघितलं तर लोकांना थोडा का होईना, घाम सुटला. मग दोघांनी पुन्हा घेतला. पुन्हा तेच.

"तुमची नजरच थंड आहे मॅडम," सर म्हणाले. "तुमच्यासारखं तर फ्रिजसुद्धा बघतो."

"आणि तुम्ही आत नेईपर्यंत लोकांशी इतक्या गप्पा मारता," मॅडम म्हणाल्या, "की त्यांना नजर नाही, तुम्ही परत याल याची धास्ती असते."

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं. सर दारातच आलेल्याचा हात हातात घेऊन त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. मॅडम म्हणतात, "बसा. हलू नका." यावर आम्ही उपाय केला. स्वागताची चार वाक्यं लिहून काढली आणि दोघांनी ती एकाच आवाजात वाचायची असं ठरलं. मॅडमनी ती अशी वाचली की एक मुलगी तारा न काढताच उठून निघाली. सरांनी "आल्याबद्दल आभारी आहोत" पर्यंत नियम पाळला आणि तिथे त्यांचा गळा दाटून आला.

आणि प्रबंधावर सह्या दोघांच्या लागतात. सत्र संपेपर्यंत शेवटचं प्रकरण दोघांनाही मान्य झालं नाही, तर माझी नोंदणी रद्द होणार होती. म्हणजे खुर्ची. गाद्या.

तोडगा मॅडमनी काढला. "प्रयोग घेणाऱ्याचाच परिणाम होतोय ना? मग असा माणूस शोध, ज्याला यातलं काही वाटतच नाही. विश्वास नको, अविश्वास नको. कुतूहलसुद्धा नको."

"असा माणूस नसतो," सर म्हणाले.

"आमच्या घरात आहे," मी म्हणालो.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, रंगांच्या दुकानात रंग मिसळून देतात. गिऱ्हाईक दोन पट्ट्या पुढे करून विचारतं, "कुठला चांगला दिसेल?" दाजी दोन्हीकडे नीट बघतात आणि म्हणतात, "दोन्ही दिसतील." लग्नाचं विचारलं तेव्हा ते "चालेल" म्हणाले होते. ताईला वाटलं, लाजतायत. लग्नानंतर कळलं की ते नुसतंच 'चालेल' होतं. एकदा त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर आग लागली. ताई ओरडली, "अहो, जिन्याने उतरायचं की गच्चीवर जायचं?" दाजी चपला घालत म्हणाले, "दोन्हीकडे जाता येईल." माणूस सोन्यासारखा. चिडत नाही, रुसत नाही, भाजीत मीठ विसरलं तरी जेवतो आणि दोनदा पडलं तरी जेवतो.

मी ताईकडे परवानगी मागायला गेलो.

"यांच्याकडून तुला काय हवंय?" ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काहीच नको. तेच तर हवंय."

"मग योग्य माणूस धरलास." तिने आत हाक मारली. "अहो, शेंडेफळ आलंय. तुम्हाला प्रयोगाला नेतो म्हणतंय."

"चालेल," आतून आवाज आला.

"बघ, तयार आहेत," ताई म्हणाली. "पण परत आणून सोड. आहेत तसे."

मी म्हणालो, आहेत तसे सोडतो. शब्द दिला.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. चूक आमच्या शिस्तीत होती.

"यांना मत नाही हे कशावरून?" सर म्हणाले. "तू म्हणतोस म्हणून?"

मॅडमनी मान डोलावली. त्या सरांच्या म्हणण्याला मान डोलावतायत हे बघून मला बरं वाटलं, म्हणून मी पुढचा विचार केला नाही. असं ठरलं की प्रत्येक खेपेला, लोक यायच्या आधी, मी दाजींना समोर बसवायचं आणि विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं, मागून बघितलेलं माणसाला कळतं का?" आणि मग पूर्ण एक मिनिट गप्प बसायचं. मान हलवायची नाही, हसायचं नाही, "म्हणजे असं की" म्हणायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. बघायचं फक्त दाजींकडे.

"घाईत विचारलं की माणूस काहीतरी ठोकून देतो," मॅडम म्हणाल्या. "थांबलं की खरं असेल ते वर येतं."

पहिल्या खेपेला मी विचारलं. दाजींनी मिनिटभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असेल. नसेलही."

मग ते बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसले. यंत्राने सांगितलं की बघायचे, सांगितलं की भिंतीकडे वळायचे. रंगाच्या डब्यांची मोजणी करावी तसं काम. घामाचा आलेख इतका सपाट आला की मॅडमनी आधी तार सुटलीय का ते तपासलं. तार जागेवर होती. दुसऱ्या माणसाचाही सपाट. तिसऱ्याचाही.

सरांनी आलेख उलटा धरूनही बघितला. मग चष्मा पुसत म्हणाले, "हा माणूस निर्मळ आहे. हा जे काढेल ते मला मान्य."

"मलाही," मॅडम म्हणाल्या.

मी गच्चीवर जाऊन मामांना फोन केला आणि खुर्चीवर गिऱ्हाईक बसवायला हरकत नाही असं कळवलं. मामा म्हणाले, "घाई करू नको, गाद्या कुठे पळून जात नाहीत."

त्यानंतर दाजी वेळेच्या आधी यायला लागले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी खुर्ची मांडायच्या आत ते समोरच्या खुर्चीत बसलेले असायचे, हात मांडीवर ठेवून. एकदा माझ्या मागे लोकांची गडबड होती आणि मी त्यांना थेट पडद्याकडे घेऊन निघालो, तर जागचे हलेनात.

"आज विचारायचं राहिलं," ते म्हणाले.

मी विचारलं. मिनिट गेलं. दाजी काही बोलले नाहीत, पण उठले तेव्हा एकदम ताजेतवाने दिसले, डुलकी काढून उठल्यासारखे. मी लिहून ठेवलं, सहकार्य उत्तम.

पुढच्या खेपेला मिनिट संपता संपता ते म्हणाले, "मला वाटतं..."

मी नियमाप्रमाणे ढिम्म.

"मला वाटतं, या खोलीचा रंग चुकलाय."

मी मनाला समजावलं की हे आमच्या प्रश्नाबद्दल नाही. भिंतीबद्दलचं मत आमच्या शाखेत मत धरलं जात नाही. आलेख त्या दिवशीही सपाट आला. पण त्यानंतरच्या खेपेला दाजींना खुर्ची फार खोल वाटली, आणि त्याच्या पुढच्या खेपेला, "तुझे मॅडम आणि सर भांडत नाहीत. भांडायला भेटतात."

"दाजी," मी मिनिट संपल्यावर म्हणालो, "हे कुणाला सांगू नका."

"का? मला तसं वाटतं," दाजी म्हणाले, आणि 'वाटतं' हा शब्द त्यांनी नवीन चपलेसारखा जरा चालवून बघितला. "वाटतं मला."

त्या संध्याकाळी ताईचा फोन.

"यांना काय केलंस तू?"

"काय झालं?"

"मी नवीन पिवळा ड्रेस घालून समोर उभी राहिले. विचारलं, कशी दिसते? नेहमीचं आपलं. मी विचारते, 'छान' म्हणतात, आणि आम्ही निघतो. आज बघत बसले. मग म्हणाले, नाही छान दिसत."

"मग?"

"मग काय, मी निळा घातला. म्हणाले, हा छान." ताई जरा थांबली. "अरे, म्हणजे हा खरंच छान आहे ना? इतकी वर्षं 'छान' म्हणायचे ते नुसतंच असायचं. मला आज कळलं, माझ्याकडे एक छान ड्रेस आहे."

"ताई, ऐक..."

"मग मी म्हटलं, तुमच्या शर्टाचं काय मग? तर म्हणाले, शर्टाला काय झालंय? आणि आम्ही भांडलो. तासभर. दोघंही. आत्तापर्यंत मी एकटीच भांडायचे, यांचा भाग पण मीच म्हणायचे. शेजारच्या धावत आल्या, म्हणाल्या काय झालं? मी म्हटलं, बसा, चहा घ्या, आम्ही भांडतोय."

(शेजारच्यांनी चहा प्यायलेला नाही, हे वर ठरलेलं आहे.)

"ताई, थोडेच लोक राहिलेत. तोवर त्यांना काही विचारू नकोस. त्यांना मत झालं की माझं प्रकरण गेलं. गाद्या विकाव्या लागतील मला."

फोनवर नुसता भांड्यांचा आवाज आला. मागे दाजी कुणाला तरी सांगत होते की चहा जरा पाणचट झालाय. ताई हसली, तोंडावर हात ठेवून हसल्यासारखी.

"शेंडेफळा," ती म्हणाली, "विचारायला सुरुवात तू केलीस. मी इतकी वर्षं विचारायचे आणि उत्तर पण मीच द्यायचे. थांबायचं असतं हे मला कुठे माहीत होतं?"

रात्रभर विचार करून मी एक तोडगा काढला. प्रश्न विचारायचा, पण मिनिट पूर्ण होऊ द्यायचं नाही. मध्येच खोकायचं. पेन पाडायचं. "असेल, नसेलही, नाही का दाजी?" असं हसत म्हणून उठायचं. आतलं मत वर यायच्या आत झाकण लावायचं. शास्त्रात याला फसवणूक म्हणतात. घरात याला संसार म्हणतात. मामांच्या दुकानातली खुर्ची डोळ्यांसमोर होती आणि तिच्या गादीवर प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं.

सकाळी मॅडम आणि सर दोघंही हजर होते. शेवटच्या खेपांना आम्हीही बसतो, असं त्यांनी ठरवलेलं. दाजी खुर्चीत बसले. निळा शर्ट, नवा. ताईने भांडण जिंकलेलं दिसत होतं.

"दाजी, तुम्हाला काय वाटतं," मी विचारलं, "मागून बघितलेलं माणसाला कळतं का?"

खोकायची वेळ आली. घसा तयार होता. दाजी माझ्याकडे बघत होते. एखादा माणूस दार उघडं आहे हे कळल्यावर उंबऱ्याशी जरा थांबतो ना, आत यावं का, तसे. मी खोकणार एवढ्यात मला वाटलं, या माणसाकडे आजवर कुणी असं थांबून बघितलंच नसेल. मी तर कधीच नाही. लग्नाच्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "दाजी, माझी बहीण आवडली ना?" आणि उत्तर यायच्या आधी फोटो काढायला पळालो होतो.

मी खोकलो नाही. पेनही पाडलं नाही. मिनिट पूर्ण झालं आणि मी त्याला जरा वरती जाऊ दिलं.

"कळतं," दाजी म्हणाले.

सर खुर्चीतून अर्धे उठले.

"पण फक्त डावीकडून बघितलं तर."

सर तसेच राहिले, अर्धे उठलेले.

"डावीकडून म्हणजे?" मॅडम.

"बघणाऱ्याने डावीकडे सरकून बघायचं. समोरून बघितलं तर काही नाही. उजवीकडून तर अजिबात नाही."

"याला आधार काय?" सर म्हणाले.

मॅडमनी सरांकडे वळून बघितलं. "सर, हा प्रश्न तुमच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकला."

"नाही पण मॅडम, हे कसं शक्य आहे? पडद्यावर डावं काय, उजवं काय? नजर ही काय दिशा बघून पोहोचते?"

"पोहोचतच नाही. पण पोहोचत असती तर दोन्हीकडून पोहोचली असती."

"अगदी बरोबर."

"धन्यवाद."

सर खुर्चीत परत बसले आणि मॅडमनी आपली खुर्ची जरा लांब ओढली. मला वाटतं दोघांनाही जरा भीती वाटली.

"आधार नाही," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की आमच्या भिंतीचा चुकलेला रंगसुद्धा बरा दिसत होता. "मला वाटतं. मी सांगतोय ना, मला वाटतं."

मग त्यांनी स्टूल पडद्याच्या डावीकडे ओढलं आणि बसले. आत एक मुलगा बसला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. यंत्राने सांगितलं, बघा. दाजींनी मान तिरकी करून बघितलं. आलेख उठला. यंत्राने सांगितलं, थांबा. आलेख बसला. मॅडमनी तार तपासली. सरांनी तीच तार पुन्हा तपासली. मग मॅडमनी, सर तपासत असलेली बाजू तपासली.

"योगायोग," मॅडम म्हणाल्या.

"निव्वळ," सर म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी मिळून एक पत्र लिहिलं. माझ्या इतक्या काळाच्या शिक्षणात दोघांच्या सह्या एका कागदावर मी तेव्हाच पाहिल्या. त्यात म्हटलं होतं की डावीकडच्या नजरेचा हा दावा तातडीने खोडून काढणं शास्त्राच्या हिताचं आहे, आणि त्यासाठी या विद्यार्थ्याची नोंदणी पुढच्या सत्रापर्यंत वाढवावी. नोंदणी वाढली. दावा खोटा ठरेपर्यंत दोघं रोज संध्याकाळी माझ्या खोलीत बसतात, स्टूल इकडून तिकडे ओढतात आणि हसतात. सर आता मॅडमच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. मॅडम उत्तर देतात.

मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "खुर्ची आहे तशीच आहे. दाजींना पाठव एकदा, दुकानाचा रंग कुठला लावू ते विचारायचंय. सांगतात म्हणे आता." दाजींनी त्यांना हिरवा सांगितला. मामांनी करडा लावला. त्यावरून दोघं अजून बोलत नाहीत, आणि दाजी हे सगळ्यांना सांगत फिरतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कुणाशी तरी पटत नाहीये.

ताईकडे गेलो तर ती निळ्या ड्रेसमध्ये होती. मी म्हणालो, "शब्द दिला होता, आहेत तसे परत आणीन. जमलं नाही."

"ठेव तुझा शब्द तुझ्याकडे," ती म्हणाली. "अहो, शेंडेफळ आलंय. जेवायला ठेवू का याला?"

आतून उत्तर आलं नाही. ताईने मला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं. आम्ही दोघं उभे राहिलो. पंखा फिरत होता.

"ठेव," आतून आवाज आला. "पण त्याला डावीकडे बसव."

सबब, मी खाली सही करणारा संशोधक विद्यार्थी, विभागप्रमुखांना विनम्र विनंती करतो की डावीकडच्या नजरेचा दावा निःपक्षपातीपणे तपासण्यासाठी विभागाने मला कोणतेही मत नसलेली एक प्रौढ व्यक्ती चालू सत्राकरिता उपलब्ध करून द्यावी. अशी व्यक्ती न मिळाल्यास माझ्या दाजींना प्रयोगापूर्वीच्या मूळ स्थितीत आणण्याचा खर्च विभागाने सोसावा. यास माझ्या बहिणीची लेखी, तोंडी आणि लाटण्यासह हरकत आहे, ती विचारात घेऊ नये. तसेच या मजकुराचे पहिले वाक्य ज्या ज्या वाचकांनी वाचले आहे, त्यांच्या स्मरणातून ते विभागामार्फत विनाविलंब काढून घेण्यात यावे, आणि शेजारच्यांनी प्यायलेला चहा रीतसर परत घेण्यात यावा, ही विनंती.